पैसे देऊ नका एवढ्यात, वहिनी

थांबा वहिनी, पैसे देऊ नका एवढ्यात. काल रात्रीचं सगळं ऐकू आलं हो. मुद्दाम नाही ऐकलं. उकाड्याचे दिवस, खिडक्या उघड्या, आणि तुमच्या चिरंजीवांचा आवाज म्हणजे पार कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाणारा. ‘सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही’ इथून सुरुवात झाली आणि गाडी तीस हजारांच्या ग्राफिक्स कार्डावर येऊन थांबली. भावजी काय म्हणाले तेही कळलं, पण ते राहू दे. म्हटलं, सकाळी कपडे वाळत घालायला याल तेव्हा गाठू.

आधी मला सांगा, ‘गेम अडकतो’ म्हणतो म्हणजे नेमकं काय होतं? नाही ना विचारलंत? कोणीच विचारत नाही. व्हॅलोरंट खेळताना समोरचा गडी मधेच गायब होऊन भलतीकडे उगवत असेल, तर ते इंटरनेटचं दुखणं. पिंग म्हणतात त्याला. तिथं लाखाचं कार्ड आणलंत तरी तसूभर फरक पडायचा नाही. तुमचा राउटर जिन्याखाली, पोरगं गच्चीवरच्या खोलीत, मधे दोन स्लॅब. एक लांब केबल टाकून बघा आधी.

पण जीटीए नाहीतर सायबरपंक एकट्यानं खेळतानासुद्धा चित्र धक्के खात सरकत असेल, तर मग कार्डावर संशय घ्यायला जागा आहे. संशयच हं, खात्री नाही. माझी भाची आहे ना, हिंजवडीला असते ती, तिनं मला दाखवलंय. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडायचा. तिथं परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डाचाच, आलेख असतो. तो सतत ९७-९८च्या वर चिकटलेला असेल, तर कार्डाचा खरोखरच जीव चाललाय. आणि कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर निवांत बसलंय नि तरी धक्के बसतायत, तर चोर दुसरीकडे आहे: प्रोसेसर, रॅम, नाहीतर जुनी हार्डडिस्क. अशा वेळी नवं कार्ड आणलं, तर तेही निवांतच बसणार. तीस हजार देऊन.

कार्ड करतं तरी काय, हे मीही विचारलं होतं तिला. तुमचा पडदा १९२० बाय १०८०चा, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. एवढ्या ठिपक्यांची रंगीत रांगोळी काढायची, पुसायची, पुन्हा नवी काढायची, आणि हे सेकंदाला साठ वेळा. एका रांगोळीला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. एखादी रांगोळी वेळेत पुरी नाही झाली की आपल्याला जाणवतो तो धक्का. फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ठिपके बरोबर चौपट, ८३ लाखांच्या घरात. म्हणून कार्ड घ्यायच्या आधी पडदा कोणता ते बघायचं. तुमचा साध्या ऑफिसातला, साठ हर्ट्‌झचा. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. कार्डानं दीडशे काढली तरी वरची नव्वद बघणार कोण?

आता चार नंबरचं सांगते. नाव घेत नाही, तुम्हाला कळलंच. त्यांच्या धाकट्यानं मामाला बरोबर घेऊन थेट लॅमिंग्टन रोड गाठला. मुंबईला, ग्रँट रोड स्टेशनजवळ. आता भडकमकर मार्ग म्हणायचं, पण म्हणतं कोण! तिथून जुनं आरएक्स ५८० आणलं, आठ जीबीचं. २०१७ सालचं कार्ड. दुकानदार खोटं काही बोलला नाही म्हणे. ‘युज्ड आहे, चेकिंग वॉरंटी’ एवढंच म्हणाला. आता हे कार्ड त्या काळात गेम खेळायला कमी आणि क्रिप्टोच्या मायनिंगला जास्त गेलं. रात्रंदिवस एका फळीवर सहा-सहा कार्डं जुंपलेली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं ती पद्धतच बंद केली, आणि मग तीच कार्डं पुसूनपासून बाजारात आली. भाचीचं म्हणणं, मायनिंगचं आहे म्हणून लगेच नाक मुरडू नये. चिप सहसा टिकते. पंखे झिजतात, आतली पेस्ट वाळते, ते बदलता येतं. बघायचं ते वेगळंच. ५८०च्या नावाखाली २०४८ कोअरचंही एक कार्ड विकतात, खऱ्यात २३०४ असतात. आणि काही महाभाग तर कुठलं तरी जुनाट कार्ड घेऊन त्याच्या बायॉसमध्ये १०५० टीआय असं नाव भरतात. कॉम्प्युटरलाही तेच नाव दिसतं! जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते असल्या कार्डापुढे सरळ ‘फेक’ लिहून दाखवतं. दुकानातच चालवून बघायचं, लाजायचं नाही.

तर यांचं कार्ड खरं निघालं. घरी आणलं, बसवलं, गेम लावला, दहाएक मिनिटांत कॉम्प्युटर फट्‌कन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग काय, त्यांच्या बाबांनी महावितरणवर तोंडसुख घेतलं. तेही आमच्या ह्यांच्यासमोर! हे तीस-बत्तीस वर्षं खात्यात होते, तुम्हाला माहीत आहे. ह्यांना ते लागलं. उठले, चष्मा लावला, आणि थेट त्यांच्या घरी जाऊन कॉम्प्युटरचं झाकण काढायला लावलं.

आत पॉवर सप्लायचा जो चौकोनी डबा असतो ना, त्याच्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वर ठळक अक्षरात ४५०. ह्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. खाली बारीक तक्ता असतो, त्यातली बारा व्होल्टची ओळ वाचली: १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे खऱ्या कामाची ताकद १९२ वॉट. आणि ते कार्ड एकटंच १८५ वॉट ओढणार! प्रोसेसरनं काय हवा खायची? कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो डबा, त्याची हीच गत. वर आणि कार्डाला आठ पिनांची वायर हवी, ती या डब्यात नव्हतीच. म्हणून पोरानं हार्डडिस्कच्या वायरीला जोड लावून काम भागवलं होतं. ह्यांनी हात लावला तर जोड गरम. ‘मंजूर भार बघत नाहीत आणि फ्यूज उडाला की आमच्या नावानं ओरडतात,’ असं म्हणून हे घरी आले. त्या दिवशी दोन वेळा चहा घेतला, इतके खूश.

पुढे त्यांनी चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा डबा घेतला, आणि कार्ड आता सुतासारखं सरळ चालतंय. म्हणजे पैसे लागायचे होते डब्याला, आणि चर्चा कार्डाची.

हिशोब तसा सोपा आहे वहिनी. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनांची वायर लावली की आणखी ७५, आठ पिनांची लावली की १५०. त्यामुळे आपल्यासारख्यांच्या जुन्या डब्यांना ७५ वॉटच्या आतलं, वायर न लागणारं कार्ड बरं. पूर्वी १०५० टीआय होतं, मग १६५० आलं, आता आरटीएक्स ३०५०. पण इथं नीट ऐका. ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. २०२२चं आठ जीबीचं, ते १३० वॉट घेतं. २०२४चं सहा जीबीचं, ते ७० वॉट. नाव एक, आणि आत कोअर कमी, मेमरीची वाट अरुंद. कंपन्यांनी असं का करावं? माझ्या मते गिऱ्हाइकाला गोंधळात टाकायलाच. पण तुमच्या घरात नेमकं ते ‘कमी’वालंच बसणारं आहे, कारण भावजींनी लॉकडाउनमध्ये घेतलेला तो कॉम्प्युटर कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह. त्याचा डबा असून असून किती असणार? आणि पोराला तर तीन पंख्यांचं कार्ड हवंय. तीन पंख्यांचं कार्ड फूटभर लांब असतं. तुमच्या त्या बारीक कॅबिनेटमध्ये ते शिरणारसुद्धा नाही. बुटकं, लो-प्रोफाइल म्हणतात तसलं मागायचं.

आणखी एक. कोणी आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात देतो म्हणालं तर नको म्हणा. ते खाचेतल्या सोळांपैकी चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर चालून जातं, तुमच्यासारख्या जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत त्याचा दम कोंडतो. चार जीबीची मेमरी भरली की आणखीच.

सात नंबरच्या आजोबांचं ऐकलंत? ते एसटीत चालक होते. आता गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही, तर नातवानं त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर लावून दिलाय. दिवसभर युरोपात माल पोचवतात! तिकडं उजव्या बाजूनं गाडी हाकायची, त्याचा त्यांना मनस्वी वैताग. बोटीतून इंग्लंडात उतरले की म्हणतात, आलो बाई घरी, डावी बाजू. तर त्यांचीही गाडी अडखळायला लागली. ‘घाटात ओढत नाही,’ अशी तक्रार. नातवानं पुण्याहून नवं कोरं कार्ड आणलं, बसवलं, आणि फरक शून्य. दिवाळीची सुट्टी अशीच गेली. शेवटी भाची कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि हसतच सुटली. पडद्याची एचडीएमआय केबल अजून मदरबोर्डाच्याच भोकात! कार्ड आत नुसतं शोभेला. काही बोर्डांत नवं कार्ड घातलं की जुनी जागा बंद पडते, पडदा काळा होतो, निदान कळतं तरी. यांच्या बोर्डानं दोन्ही चालू ठेवलं, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. केबल खालच्या भोकात घातली आणि आजोबा थेट स्कॉटलंडात.

तर तुमचं काय करायचं? पोराला म्हणावं, पहिल्यांदा धूळ काढ. चार-पाच वर्षांत झाकण उघडलेलं नाही, प्रोसेसरच्या पंख्यात गोधडी झाली असेल. तापलं की प्रोसेसर आपणहून हळू होतो. मग रॅम बघ, एकच आठ जीबीची कांडी असेल तर तशीच दुसरी शेजारी लाव. दोन कांड्या असल्या की मेमरीशी येणंजाणं दोन वाटांनी होतं. तुमच्याकडे डीडीआर३ असणार, ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. नव्या डीडीआर५चं नाव काढू नका. २०२५च्या शेवटाकडे एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढायला सुरुवात केली आणि भाव असे भडकले की सोन्याच्या गप्पा मारणारे रॅमच्या मारायला लागले. गेम हार्डडिस्कवर असेल तर एसएसडीवर टाक. आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘अल्ट्रा’चं ‘हाय’ कर, सावल्या ‘मीडियम’. एफएसआर असेल तर चालू कर. ते चित्र लहान काढून मग मोठं करून दाखवतं, जुन्या कार्डांवरही चालतं. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना दमडी लागत नाही.

एवढं करून आलेख ९८वर चिकटलेला दिसला, तर आणा कार्ड. मी अडवणार नाही. मुलांनी खेळावं. आमच्या सासूबाईंना नाही का भाचीनं तो राजी दाखवला? पुण्याच्याच मुलांनी केलाय, नॉडिंग हेड्स गेम्स म्हणून आहेत, २०२०चा गेम. त्यात एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत निघते आणि दुर्गादेवी तिच्या पाठीशी उभी राहते. सासूबाई पदर खोचून बसल्या होत्या समोर, ‘मार त्याला, मार!’ म्हणत. मी काय हसावं!

फक्त तीस हजार त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ओतू नका. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे तो कॉम्प्युटर आज ना उद्या बदलायचाच आहे. सत्तर वॉटचं कार्ड घेतलंत तर ते तेव्हा काढून नव्यात घालता येईल. तोवर पोराला बारावीचं वर्ष काढू दे. नाहीतरी भावजी तेच म्हणत होते ना काल, जरा मोठ्यानं?

भाची शनिवारी येतेय. त्याआधी पोराकडून, मेन स्विच बंद करून हं, झाकण काढून पॉवर सप्लायवरच्या त्या पट्टीचा एक फोटो घ्या आणि ह्यांच्या व्हॉट्‌सअ‍ॅपवर पाठवा. कॅबिनेटची आतली लांबीही टेपनं मोजून ठेवा.

आणि एक कानात सांगते. चार नंबरच्या धाकट्याला आता आणखी मोठं कार्ड हवंय, म्हणून ते ५८० विकायला काढलंय. सगळ्या गल्लीत गिऱ्हाईक शोधतोय, तुमच्याकडे येणारच. गोड बोलेल, हप्त्यानं द्या म्हणेल. घेऊ नका; १८५ वॉटचं आहे, तुमच्या डब्याला झेपायचं नाही. फक्त माझं नाव मधे घेऊ नका हो, परवा त्यांच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जायचंय मला.