पाणी जातं कुठे?

मी लँडस्केप डिझाइन शिकते असं कळलं की नातेवाईक मला आधी त्यांच्या गॅलरीत नेतात. मोगऱ्याला कळ्या धरत नाहीत, कढीपत्त्यावर पांढरे ठिपके पडलेत, जास्वंद रुसलीय. मी गंभीर चेहऱ्यानं एखादं पान उलटून बघते आणि ‘पाणी जरा कमी घाला’ असं सांगते. सल्ला बहुतेक वेळा लागू पडतो, कारण पुण्यात कुंडीतली झाडं तहानेपेक्षा मायेनं जास्त मरतात. पण हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. तिथे अर्धं सत्र होईपर्यंत झाडाचा विषयच निघाला नव्हता. विषय एकच होता, पाण्याचा.

आमच्याकडे स्टुडिओ म्हणजे फळा आणि बाकं नव्हेत. मोठाली टेबलं, बटर पेपरचे रोल, कुणीतरी प्यायचा राहून गेलेला चहा आणि गावातली एक खरी जागा. त्या जागेचं काय करायचं ते सत्रभर ठरवायचं आणि शेवटी ज्युरीपुढे उभं राहायचं. आमच्या गटाच्या वाट्याला आंबील ओढ्याच्या काठचा एक तुकडा आला. आम्ही पहिल्याच दिवशी कारंजं, जॉगिंग ट्रॅक आणि ‘सेल्फी पॉइंट’ काढून मोकळे झालो. मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला, फाडला नाही. ‘जागेवर जा. काही सुचवू नका. पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, तेवढं बघून या.’

गेलो. तिपाईवर ऑटो लेव्हल बसवली, एकानं लांब उभं राहून आकड्यांची पट्टी धरली. पुण्यात रस्त्याकडेला तिपाई मांडली की चौकशी समिती आपोआप स्थापन होते. ‘रुंदीकरण का?’ ‘कुठल्या बिल्डरचे तुम्ही?’ ‘मेट्रो इकडून नेतायत?’ कॉलेजचा अभ्यास आहे म्हटल्यावर कुणाचाच विश्वास बसेना. एक आजी तर काही न विचारता दाराला टेकून आमच्या टेपकडे बघत राहिल्या. ओढ्याकाठच्या माणसांनी टेप आली की पुढे काय येतं ते पाहिलेलं असतं. त्या दिवशी आमची विनोदबुद्धी जरा आवरती राहिली.

मग एका काकांनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांबापाशी नेलं. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री या ओढ्याला लोंढा आला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसंही गेली. काका खांबाला चिकटून उभे राहिले आणि हात खांद्याच्या वर नेऊन म्हणाले, ‘इथवर.’ नदीच्या नकाशावर निळी पूररेषा असते, 25 वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. या गल्लीत काकांचा हात होता. आम्ही जमिनीपासून त्या हातापर्यंतचं अंतर मोजून शीटवर चढवलं. ज्या मॅडम आमच्या कुठल्याच रेषेवर खूश नसत, त्यांनी त्या एका आकड्याखाली दोनदा रेघ ओढली.

ओढा असा का वागतो हे कळायला जुने नकाशे काढावे लागले. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, मोटर नाही, सगळा भरवसा उतारावर. त्याच काळात आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. तळ्यात बेट, बेटावर गणपती. पुढे तळं आटवून बाग केली, ती आजची सारसबाग. गणपती अजूनही ‘तळ्यातला’च आहे आणि बागेतल्या उंचवट्यावर बसलाय. भेळ खायला लहानपणापासून तिथे जात होते, पण बाग रस्त्यापेक्षा खाली का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता भेळ बाजूला राहते आणि मी काठ शोधत बसते.

या शिक्षणाची खरी किंमत ही आहे. एकदा उतार दिसायला लागला की तो दिसायचा थांबत नाही. लग्नाला गेले की लोक नवरीचा शालू बघतात, मी लॉनचा उतार बघते. तो स्वयंपाकघराच्या तंबूकडे जात असेल तर मला जेवण गोड लागत नाही. आणि मुळात लॉन! आमच्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. उरलेल्या आठ महिन्यांत विलायती हवेतली हिरवळ टँकरवर पोसायची आणि तिच्यावर खुर्च्या मांडून उंच टाचांनी भोकं पाडायची, हा प्रकार मला पटत नाही. हे मी मावसभावाच्या लग्नात जरा मोठ्यानं बोलले, तेव्हापासून आईनं मला यजमानांच्या टेबलाजवळ बसवणं बंद केलं आहे.

पायऱ्यांचंही तेच. दोन चढ आणि एक पाऊलजागा यांची बेरीज साधारण 60 ते 64 सेंटिमीटर यावी, हे फ्रान्समधल्या ब्लोंदेल नावाच्या गृहस्थानं सतराव्या शतकात मांडलेलं सूत्र. ते शिकल्यापासून मी जिने मोजत सुटले आहे. पर्वतीच्या रुंद, बुटक्या पायऱ्या या सूत्रात बसत नाहीत आणि तरी रोज पहाटे सत्तरीतले लोक गप्पा मारत त्या चढून जातात. ब्लोंदेलचं तिथे काही चालत नाही.

आमच्या शास्त्राच्या मूळपुरुषाचीही गंमत आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडनं कॅल्व्हर्ट व्हॉक्सच्या जोडीनं 1858 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली. त्याआधी त्यानं शेती केली, वर्तमानपत्रात लिहिलं, भटकला. या विषयाची पदवी त्याच्याकडे नव्हती, कारण ती कुठे मिळतच नव्हती. हार्वर्डमध्ये 1900 साली अभ्यासक्रम सुरू झाला तो त्याच्या मुलाच्या पुढाकारानं. बापानं पदवीशिवाय बाग केली, मुलानं पदवी सुरू केली आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जागायची पाळी आमच्यावर आली.

ती रात्र मॉडेलची असते. नकाशावरची एकेक समोच्च रेषा माउंटबोर्डवर उतरवायची, कटरनं कापायची, थरावर थर चिकटवायचा. कागदावर या रेषा म्हणजे नुसती वळवळ वाटते. चौथा-पाचवा थर बसला की अचानक टेबलावर काठ उभा राहतो आणि बोट फिरवलं की कळतं, पाणी इथून असं येणार, इथे अडणार. आमच्या गटातल्या एकानं रात्री दोन वाजता मॉडेलवर खरंच ग्लासभर पाणी ओतून पाहिलं. फेव्हिकॉल सुटला. पण पाणी बरोबर तिथेच साचलं, जिथे आम्ही बाकं ठेवली होती.

झाडं आली ती यानंतर. आराखड्यात झाड म्हणजे गोल. रोपवाटिकेतून पिशवीत काठीएवढं रोप येतं, पण आपण कागदावर वीस वर्षांनंतरचा आठ मीटरचा गोल काढून त्याच्या सावलीत लोक बसवून टाकतो. मॅडम एकेका गोलावर पेन टेकवायच्या. ‘हे मार्चमध्ये कसं दिसतं?’ मार्चमध्ये पांगारा आणि पळस पानांशिवाय फुललेले असतात, सुंदर दिसतात, सावली शून्य. आम्ही त्यांच्याखाली ज्येष्ठ नागरिक बसवले होते. ते उठवले. काठाला करंज, जांभूळ, उंबर आणि पाण्याशी ज्याचं जमतं ते वाळुंज आलं. मादागास्करचा गुलमोहर आमच्यातल्या दोघांना फार हवा होता. त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही.

शेवटी चित्रं. ती वस्तीतल्या हॉलमध्ये लावली, कारण ज्युरीआधी तिथल्या लोकांना दाखवायचं ठरलं होतं. एका काकूंनी चष्मा सावरून पाहिलं. ‘काठ आमचाच दिसतोय, पण ही माणसं कोण?’ चित्रात टाकायची तयार माणसं आम्ही इंटरनेटवरून घेतली होती: सोनेरी केसांची मफलर गुंडाळलेली बाई, लाल फुगा धरलेलं पोर, केसाळ कुत्रं. पुण्याच्या ओढ्याकाठी मफलर! काकूंनी पुढचं विचारलं, ‘आणि वाळवणं कुठे घालायची?’

याचं उत्तर कुठल्याच शीटवर नव्हतं. काठाच्या उतरत्या टप्प्यांतला सगळ्यात खालचा टप्पा आम्ही रुंद केला आणि त्यावर काळा दगड घातला. एप्रिल-मे महिन्यात तो तापतो, कुरडया-पापड्या दोन दिवसांत कडक. काकूंना दगड पसंत पडला. ‘पण कुत्री?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ‘शिकताय ना तुम्ही? मग काढा काहीतरी,’ म्हणून त्या निघून गेल्या.

ज्युरीला मुंबईहून एक ज्येष्ठ लँडस्केप आर्किटेक्ट आले होते. त्यांनी त्या टप्प्यावर बोट ठेवलं. ‘एवढा मोठा ओटा, तोही इतक्या खाली? कशासाठी?’

‘कुरडयांसाठी, सर.’

‘बरं. आणि जुलैत?’

‘जुलैत ओढ्याचा. काकांच्या हाताइतकं पाणी आलं तरी तिथे अडवायला काही ठेवलेलं नाही.’

‘कोण काका?’

आम्ही तो आकडा दाखवला. ते वाकून बघत राहिले, मग मॅडमना म्हणाले, ‘हा पहिल्या शीटवर का नाही?’ मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. पहिल्या शीटवर आमच्या गटाचं नाव होतं, जरा मोठ्या अक्षरात.