दारातली थंडी

मॅसॅच्युसेट्समध्ये एप्रिलच्या सकाळी धावायला निघणाऱ्या माणसाचा निम्मा व्यायाम घरातच, कपाटासमोर होऊन जातो. हात वर करून एक टीशर्ट चढवायचा, खिडकीतून बाहेर बघायचं, तो उतरवून लांब बाह्यांचा चढवायचा, फोनवर तापमान बघायचं, वाकून तळच्या खणातून विंडचीटर ओढायचं, झाडाची फांदी हलतेय का ते पुन्हा खिडकीतून बघायचं. एवढं झाल्यावर सरळ चहा टाकून बसलं तरी चालण्यासारखं असतं. जानेवारीत हा घोळ नसतो. बाहेर उणे दहा असतं, तेव्हा घरात असतील नसतील ते कपडे अंगावर चढवायचे. जुलैतही नसतो, तेव्हा लाज राखून जेवढे कमी करता येतील तेवढे करायचे. आमच्याकडे मुंबईत जानेवारीत मॅरेथॉन असते, तिथेही कपड्यांवर फारशी चर्चा होत नाही, कारण काहीही घातलं तरी ते भिजणारच असतं. पेच फक्त एप्रिलचा. या महिन्यात एकाच तासाच्या धावण्यात तीन ऋतू भेटतात आणि तिन्ही आपल्याकडे संशयाने बघतात.

इथला एप्रिल कुणाला बांधील नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगच्या कोपऱ्यात मार्चमधल्या बर्फाचा काळपट ढीग अजून झिरपत असतो, शेजारच्या वाफ्यात डॅफोडिल उमललेले असतात, आणि त्यांच्यासमोरून एखादा कॉलेजकुमार उघड्या अंगाने धावत जातो. कुणी वळूनही बघत नाही. न्यू इंग्लंडच्या वसंतात चोवीस तासांत आपण १३६ प्रकारची हवा मोजली, असं मार्क ट्वेनने १८७६ साली एका भाषणात सांगितलं होतं. लोक हसले असणार. इथे काही वर्षं काढलेल्या माणसाला तो आकडा काटकसरीचा वाटतो. १९९७ साली ईस्टरच्या रविवारी बॉस्टनमध्ये लख्ख ऊन होतं. दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, हिमवादळ सुरू झालं आणि १ एप्रिलपर्यंत शहरावर दोन फुटांहून जास्त बर्फ साचला. एप्रिल फूल करायचं तर असं, मोठ्या प्रमाणावर.

यात मुख्य हात समुद्राचा. एप्रिलमध्ये सूर्य चांगलाच वर आलेला असतो, जमीन पटकन तापते, पण अटलांटिकचं पाणी अजून सहा-सात अंशांवर असतं. वारा पश्चिमेकडून आला तर उबदार दुपार, आणि तोच पूर्वेकडून वळला की तासाभरात पारा दहा अंश खाली. इथली हवा सहसा पश्चिमेकडून येते. ही थंडी उलट्या दिशेने येते म्हणून तिला इथले हवामानवाले ‘बॅकडोअर कोल्ड फ्रंट’ म्हणतात. म्हणजे आपण पुढच्या दारातून हाफपँटमध्ये ऐटीत बाहेर पडायचं आणि हिने मागच्या दाराने यायचं.

याच दिवसांत आमच्या फ्रेमिंगहॅममध्ये भारतातून आलेले आईवडीलही दिसू लागतात. सहा महिन्यांचा मुक्काम, दिवसभर घरात कुणी नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ फेरी. पाचवारी साडी, तीवर नातवाचं जुनं, गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट, डोक्याला स्कार्फ, पायात पांढरे स्नीकर्स. हा पोशाख हवेचं कुठलंही वळण सोसतो, हे मान्य करायलाच हवं. माझी आई पुण्याहून येते तेव्हा तीही या तुकडीत सामील होते. पुण्याच्या माणसाची थंडीबद्दलची श्रद्धा पक्की असते. थंडी हवेत कितीही असो, ती शरीरात शिरते ती कानातून. कान झाकले की बाकी देह सुरक्षित. तळजाईच्या टेकडीवर डिसेंबरच्या पहाटे कानटोप्यांचा जो मेळा भरतो, त्यामागे हेच शास्त्र आहे.

तिने मला पहिल्यांदा धावायला निघताना बघितलं तेव्हा ती दारात आडवीच उभी राहिली.

“अगं, ही कसली तऱ्हा? मांड्या उघड्या आणि हातात मोजे?”

“धावलं की पाय तापतात, आई. बोटं नाही तापत.”

“आणि कान?”

कानांबद्दल माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कानही तापत नाहीत. तिथे ती बरोबर होती. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, ही जगभर पसरलेली समजूत खोटी आहे. डोकं आपल्या आकाराच्या हिश्शाएवढीच उष्णता घालवतं. पण कान आणि बोटं ही शरीराच्या हद्दीवरची गावं. थंडीत तिथला रक्तपुरवठा आधी तुटतो. त्यामुळे गुडघे उघडे, कान झाकलेले आणि हातात मोजे, हा जो ध्यान दिसणारा वेश आहे, तो वसंतातल्या धावणाऱ्याचा सगळ्यात शहाणा वेश ठरतो. फक्त तो घालून फोटो काढू नये.

धावणाऱ्यांमध्ये एक नियम चालतो: बाहेर जेवढं तापमान असेल, त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला. आठ अंश असेल तर अठराचे कपडे. याचं कारण साधं आहे. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा पाय उचलायला वापरतात. उरलेली सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. धावणारा माणूस म्हणजे थोडंफार पुढे सरकणारा बंबच. दहा मिनिटांत बंब पेटतो, आणि मग दारात सुखाचं वाटलेलं स्वेटर सूड उगवायला लागतं. त्यात ते सुती असेल तर बघायलाच नको. सुती कापड घाम पिऊन बसतं, जड होतं, अंगाला चिकटतं, आणि समुद्रावरून वारा सुटला की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून ज्या सुती बनियनवर आपल्या पिढ्यानपिढ्या सुखाने वाढल्या, त्याला इथल्या धावणाऱ्यांत मज्जाव असतो. पॉलिएस्टर चालतं. लोकर तर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, म्हणून तिला मान. शाळेत टोचायची तीच लोकर आता बारीक होऊन, चौपट किमतीला, अंगालगत घालायची वस्तू झाली आहे.

पण नियमातला अवघड भाग दहा मिनिटांनंतरचा नाही, पहिल्या दहा मिनिटांचा आहे. बरोबर कपडे घातले असतील तर दारात थंडी वाजायलाच हवी. दारात छान वाटलं तर समजावं की चुकलं. आपल्या सगळ्या संस्कारांच्या हे विरुद्ध जातं. आपल्याला लहानपणापासून कपडे घातले गेले ते उंबरठ्यावरच्या माणसासाठी. आई दारात उभी राहून बघते, आपणही दारात उभे असतो, आणि त्या क्षणी कुडकुडत नाही ना, एवढाच प्रश्न असतो. धावणाऱ्याला मात्र दोन किलोमीटरवरच्या एका तापलेल्या, घामेजलेल्या, अजून न भेटलेल्या बाईसाठी कपडे निवडायचे असतात. तिची आवडनिवड आपल्याला अंदाजानेच माहीत असते, आणि दारात कुडकुडणारी बाई काही केल्या तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

या दोघींमध्ये तडजोड घडवून आणायला बाजाराने बऱ्याच वस्तू काढल्या आहेत. गळ्यापासून छातीपर्यंत चेन असलेले टीशर्ट; चेन म्हणजे खिडकी, हवी तेवढी उघडायची. बाह्या नसलेली जॅकेटं. आणि सगळ्यात मौजेची वस्तू म्हणजे जॅकेट नसलेल्या बाह्या. नुसत्या बाह्या, मनगटापासून दंडापर्यंत. गरम झालं की मनगटाकडे सरकवायच्या. दुकानात त्या बघून आईला वाटलं उरलेला सदरा सेलमध्ये संपला. मग तिला पुण्यातल्या स्कूटरवरच्या मुली आठवल्या: कोपराच्या वरपर्यंत हातमोजे, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. उन्हासाठी का होईना, सुट्या बाह्यांचा शोध पुण्याने आधीच लावला होता, हे कळल्यावर तिला त्या खरेदीत हरकत उरली नाही.

या सगळ्या पेचाची वार्षिक परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी होते. १८९७ पासून चालत आलेली बॉस्टन मॅरेथॉन हॉपकिंटन गावातून निघते आणि पूर्वेला समुद्राच्या दिशेने ४२.१९५ किलोमीटर जाऊन बॉस्टनच्या बॉयल्स्टन स्ट्रीटवर संपते. वाटेत अ‍ॅशलंडचं श्रीलक्ष्मी मंदिर लागतं, मग आमचं फ्रेमिंगहॅम. सुरुवातीला कोवळं ऊन आणि शेवटी समुद्राचा गार वारा, असं दोन हवामानांचं एकच तिकीट. शिवाय धावायच्या आधी हॉपकिंटनच्या मैदानात तास-दोन तास बसून राहावं लागतं. बसणाऱ्याचे कपडे वेगळे, धावणाऱ्याचे वेगळे. म्हणून लोक घरातले जुनेपाने स्वेटर, बाथरोब, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यासुद्धा अंगावर घालून येतात आणि सुटायच्या वेळी तिथेच काढून टाकतात. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे डोंगर उठतात. ते गोळा करून पुढे गरजूंसाठी दिले जातात. पण जुन्या पातळावर एखादं पातेलं तरी मिळवायचंच, अशा जिद्दीने बोहारणीशी तासभर हुज्जत घातलेल्या घरातून आलेल्या माणसाला तो डोंगर बघवत नाही. किती तरी स्टीलचे डबे तिथे नुसते पडून असतात.

या शर्यतीच्या इतिहासातही कपडे आणि हवा यांनी मोठी कामं केली आहेत. १९६६ साली बायकांना इथे धावायला परवानगी नव्हती. बॉबी गिब सुरुवातीच्या रेषेजवळ फोर्सिथियाच्या झुडपात लपून बसली. वसंतात पानांआधी पिवळ्या फुलांनी भरून जातं ते हे झुडूप. अंगात भावाची ढगळ चड्डी, आत पोहण्याचा पोशाख, वर टोपीवाला स्वेटशर्ट. अर्धे पुरुष सुटल्यावर ती त्यांच्यात मिसळली. थोड्याच वेळात ती तापली; पण स्वेटशर्ट काढला तर बाई आहे हे कळणार आणि बाहेर काढतील, ही भीती. आजूबाजूच्या पुरुषांनी धीर दिला की तुला कुणी हात लावणार नाही, तेव्हा तिने तो काढला आणि शर्यत पूर्ण केली. पुढच्या वर्षी हवा उलटी होती. १९६७ च्या त्या दिवशी गारठा होता, भुरभुर बर्फ पडत होता, सगळेच ढगळ कपड्यांत. कॅथरीन स्विट्झरने के. व्ही. स्विट्झर या नावाने रीतसर २६१ क्रमांक मिळवला होता, आणि अंगात राखाडी स्वेटसूट होता. सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग आलं, आणि जॉक सेम्पल या अधिकाऱ्याने धावत येऊन तिचा क्रमांक ओढायचा प्रयत्न केला, तो जगप्रसिद्ध फोटो त्या राखाडी सूटमधलाच. एकीला जाडा कपडा काढल्यामुळे मोकळं धावता आलं, दुसरीला तो घातल्यामुळे निदान सुरुवात करता आली. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये.

नंतरही एप्रिल सुधारला नाही. १९७६ साली सुरुवातीलाच पारा अडतीसच्या घरात होता. गावोगावचे लोक अंगणातले रबरी पाइप घेऊन धावणाऱ्यांवर पाणी मारत होते. २०१२ मध्येही तीस अंशांच्या वर. ज्यांना नको वाटेल त्यांनी पुढच्या वर्षी या, असं आयोजकांनीच सांगितलं. आणि २०१८ मध्ये पाच अंशांच्या आसपास तापमान, कोसळणारा पाऊस आणि समोरून बोचरा वारा. नामांकित धावपटू एकामागून एक बाजूला झाले. जिंकला जपानचा युकी कावाउची, जो एका शाळेच्या कार्यालयात सरकारी नोकरी करत होता. बायकांत डेझिरी लिंडेन पावसाचं जॅकेट अंगात ठेवूनच पहिली आली. अमेरिकन बाई १९८५ नंतर पहिल्यांदाच जिंकत होती. वाटेत तिच्याबरोबर धावणाऱ्या शेलेन फ्लॅनगनला स्वच्छतागृहात जावं लागलं, तेव्हा हीच लिंडेन तिच्यासाठी थांबली होती. दुसरी आलेली सारा सेलर्स पूर्णवेळ नोकरी करणारी नर्स. कावाउचीने नंतर सांगितलं की आपल्यासाठी हीच हवा सगळ्यात उत्तम होती.

मला त्यातलं हे शेवटचं वाक्य पटतं. धावण्याच्या मासिकांत तक्ते येतात: इतक्या अंशांना हे घाला, तितक्यांना ते. तक्त्याला हवा ठाऊक असते, आपण ठाऊक नसतो. शेवटी प्रत्येकाला आपापला तक्ता करावा लागतो, आणि तो करायचा तर पुष्कळदा दारात कुडकुडावं लागतं.

आईचा तक्ता एका ओळीचा आहे: स्वेटर. पण आता आमची एक व्यवस्था बसली आहे. मी तळ्याला वळसा घालून धावते, ती उलट्या बाजूने फिरते. भेट झाली की मी हातमोजे, कानपट्टी, कधी विंडचीटरसुद्धा तिच्या हवाली करते. नातवाच्या त्या जॅकेटला खिसे भरपूर आहेत. वस्तू घेताना ती दर वेळी म्हणते, “सांगितलं होतं ना मी?” तिने बरोबर उलटं सांगितलेलं असतं. पण मी वाद घालत नाही. इथल्या एप्रिलमध्ये कुठलाही सल्ला तासभर तग धरून राहिला, तर खरा ठरतोच.