नॉर्मल आहे सर!

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमननं मला गेटवर अडवलं आणि कुणाकडे जायचंय ते रजिस्टरमध्ये लिहायला लावलं. अकरा वर्षं मी याच सोसायटीत राहतोय. दोन वर्षं खजिनदार होतो, त्याचा पगार माझ्या सहीनं झालाय. पण त्याचंही काही चुकलं नाही. कपाळावरची सूज रात्रीत डोळ्यांवर उतरली होती आणि आरशात जो गृहस्थ दिसत होता, त्याला मीसुद्धा आत सोडलं नसतं. मी निमूटपणे लिहिलं, 'बी ३०४, स्वतःकडे.'

वर येऊन क्लिनिकला फोन लावला. तिथे फोनवर डॉक्टर भेटत नाहीत, कोऑर्डिनेटर भेटतात. आवाज असा, की ऐकूनच अर्धी सूज उतरावी. "नॉर्मल आहे सर. भुलीसाठी डोक्यात जे पाणी भरतात ना, ते खाली उतरतं. दोन-तीन दिवसांत जाईल." गेलीही. पण 'नॉर्मल आहे सर' हे वाक्य मात्र त्या दिवशी घरात मुक्कामाला आलं ते आलंच.

या सगळ्याला कारण मेहुण्याचं लग्न. अल्बम नेहमीसारखा असता तर मी सुखी राहिलो असतो. पण हल्ली लग्नात ड्रोन असतो. चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःला समोरून बघत आलो होतो, ड्रोननं मला वरून दाखवलं. मंडपाच्या मधोमध एक गोल, उजळ, चकचकीत जागा इकडून तिकडे फिरत होती. मला आधी वाटलं मठ्ठ्याचं पातेलं आहे. पातेल्यानं आहेर दिला तेव्हा ओळख पटली.

मग केसरोपणाची चौकशी, मग 'फ्री कन्सल्टेशन', मग हप्ते. दर ग्राफ्टमागे तीस रुपये. ग्राफ्ट म्हणजे एका मुळातून निघणारा एक ते चार केसांचा झुपका. मला २४०० लागतील असं निघालं, म्हणजे ७२ हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी, १२ हजार ९६०. मी म्हटलं, दवाखान्याच्या बिलावर कसला जीएसटी? तर उपचारांना करमाफी आहे, केसरोपणाला नाही. भाजलं-बिजलं असेल, जन्मजात दोष असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं टक्कल सरकारच्या लेखी आजार नाही, चैन आहे. चैनीच्या कल्पना प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. मी ती सात तास टेबलावर पडून केली.

डॉक्टर दहा मिनिटं आले. मार्करनं माझ्या कपाळावर एक देखणी वळणदार रेघ मारली, 'एकदम नॅचरल दिसेल' म्हणाले आणि गेले. पुढचं काम तीन तंत्रज्ञ मुलांनी केलं. मागून एकेक मूळ कोरून काढायचं, बशीत मोजून ठेवायचं, पुढे भोक पाडून खोचायचं. कुणाची विकेट पडली हे मला सगळं ऐकू येत होतं, कारण मॅच चालू होती. १९२० व्या ग्राफ्टच्या आसपास षटकार बसला आणि माझ्या डोक्यावरचा हात क्षणभर थांबला. पुढेमागे त्या जागी भांग वाकडा पडला तर कारण मला माहीत आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लेखी सांगावं लागलं, की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत नुसतं बघून केसरोपण करायला लागणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. हे मी नंतर वाचलं. मिक्सर मी यूट्यूब बघूनच उघडला होता. तो अजून तसाच उघडा आहे.

असो. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, जाहिरातही त्या एकाच दिवसाची असते. उरलेलं वर्ष आपलं आपण काढायचं. पहिला आठवडा मी आजोबांच्या आरामखुर्चीत झोपलो, कारण डोकं पंचेचाळीस अंशांवर हवं. दर तासाला सलाईनचा फवारा. बायको बाल्कनीतल्या मोगऱ्याला फवारायची आणि परत येताना मला. खपल्या धरल्या आणि खाज सुटली. ती खाज साधी नव्हे. सगळं डोकं आतून कुणीतरी हळूहळू विणत असल्यासारखी. खाजवायचं नाही, नख लावायचं नाही, कारण दहा-बारा दिवस होईपर्यंत मूळ उपटून हातात येऊ शकतं. आई म्हणाली, माक्याचं तेल लाव. शेजारचे काका म्हणाले, कांद्याचा रस. ओल्या जखमेवर कांद्याचा रस सुचवणाऱ्या माणसाशी माझी गेली नऊ वर्षं पार्किंगवरून भांडणं आहेत, हेही इथे नमूद करतो.

हेल्मेट महिनाभर बंद. पुण्यात हेल्मेट न घालण्याची हजार कारणं लोक तोंडपाठ म्हणतात, पण वैद्यकीय कारण असलेला मी बहुधा पहिलाच. चौकात ट्रॅफिक पोलीस मामांनी अडवलं. टोपी काढून डोकं दाखवलं. शहाणा माणूस, गंभीर झाला. "मेंदूचं ऑपरेशन?" खोटं बोलवेना. "केसांचं," म्हटलं. त्यांनी शांतपणे मोबाईल काढून फोटो घेतला. क्लिनिकनं मला 'बिफोर'चा फोटो दिला होता, 'आफ्टर'चा एकुलता एक फोटो सध्या माझ्या ई-चलनावर आहे.

चौथ्या आठवड्यात केस गळायला लागले. माझे जुने नव्हे, नवे! तीस रुपये अधिक जीएसटीवाले. उशीवर, टॉवेलवर, आमटीत. मी हात थरथरत फोन केला. "नॉर्मल आहे सर. शॉक लॉस म्हणतात त्याला. मूळ आत असतं, केस पडतो. तीन-चार महिन्यांनी परत येतो. पूर्ण रिझल्टला वर्ष लागतं." हे आधी का नाही सांगितलं? तर सांगितलं होतं, संमतिपत्राच्या नवव्या पानावर, बारीक टायपात. त्यावर माझी सही आहे. सही करताना मी चष्मा काढला होता, कारण कपाळावर रेघ मारायची होती.

चिपळूणहून माझे मामा आले होते. त्यांनी टोपी वर करून बराच वेळ निरखलं. "भाताचा तरवा उपटून चिखलात लावला, की तो पण आठ दिवस मान टाकतो," ते म्हणाले. "मग उभा राहतो." मला धीर आला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण तो निदान शेतात असतो रे."

दुसऱ्या महिन्यात पुळ्या आल्या. टाळूला हात लावला तर ती माझी वाटेना, भोपळ्यावर टकटक करावी तसं. दोन्ही 'नॉर्मल'. या वेळी मी फोन ठेवला आणि आमच्या गल्लीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाच मिनिटं डोकं बघितलं. आत्तापर्यंत कुठल्याच डॉक्टरनं ते एवढं निरखलं नव्हतं. नवा केस बाहेर येताना कातडीखाली अडकला की पुळी येते, म्हणाल्या. चार-सहा असतील तर फोडू नका, कोमट शेक द्या. लाली पसरली, पू यायला लागला, ताप आला तर त्याच दिवशी या. बधिरपणा बारीक नसा तुटल्याचा, काही महिन्यांत जातो. शिवाय जुना कोंडा आहे, त्याचा वेगळा शाम्पू. मग खरा बाँब टाकला. "मागचे केस पुढे लावलेत ते टिकतील. पण त्यांच्या शेजारचे तुमचे मूळचे केस गळतच राहणार. त्याचं औषध चालू आहे ना?"

झालं असं, की मागच्या केसाला टकलाच्या हार्मोनचं फारसं भय नसतं, आणि त्याला पुढे नेऊन लावलं तरी तो माहेरचा स्वभाव सोडत नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख या डॉक्टरांनी हे गेल्या शतकात, पन्नाशीच्या दशकात दाखवून दिलं आणि आजचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. पण मूळ रहिवाशांना हा नियम लागू नाही. त्यामुळे बाहेरून आणून वसवलेले ऐटीत राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे जागा सोडून चालू लागतात. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर आता औषधं. एक लोशन, मिनॉक्सिडिल, मुळात रक्तदाबाची गोळी. खाणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवले म्हणून कंपनीला सुचलं, की हवं तिथेही उगवतील. ते लावल्यावर पहिले काही आठवडे केस आणखी गळतात. (हो, नॉर्मल आहे.) दुसरी गोळी फिनास्टेराइड, मुळात प्रोस्टेटची. केमिस्टनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणून विचारलं, "वडिलांसाठी का?" रांगेत मागे काकाच उभे होते. घरी बायकोनं आतली घडी घातलेली माहितीपत्रिका उलगडून शेवटपर्यंत वाचली, एका ओळीपाशी थांबली, आणि म्हणाली, "मला टक्कल चालत होतं."

हे तिनं लग्नाआधी नाही तरी निदान ८४ हजार ९६० रुपयांआधी सांगायला हवं होतं.

माझं टक्कल माझं होतं. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून लोक नजर जरा खाली ठेवून बोलत. आता माझं डोकं सार्वजनिक बांधकाम आहे. लिफ्टमध्ये लोक आधी वर बघतात, मग माझ्याकडे. ऑफिसातला शिपाई विचारतो, "साहेब, काम कुठवर आलं?" न्हाव्यानं तर खुर्चीत बसायच्या आधीच हात वर केले, 'यातलं मी काही केलेलं नाही' असं आलेल्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलं.

परवा शेवटी धीर करून क्लिनिकला फोन केला आणि थोडे पैसे परत मिळतील का असं विचारलं. पलीकडे शांतता. मग तोच मधाळ आवाज. "सर, हे मात्र नॉर्मल नाही."

आज चार महिने झाले. सकाळी खिडकीच्या उजेडात बसून मोजले, डाव्या बाजूला, रेघेच्या अगदी कडेला सात केस आलेत. बायकोनं आठ मोजले. आठवा पांढरा आहे.