खोके न उघडता

सुपरहिरोच्या चित्रपटाचे आयुष्य दोन भागांत विभागलेले असते. पहिला भाग चित्रपट येईपर्यंतचा. तो दीड-दोन वर्षे चालतो. दुसरा भाग चित्रपटगृहातला, तो अडीच तासांत उरकतो. चाहत्याची उमेद, झोप आणि पगार यांचा बराचसा वाटा पहिल्या भागातच खर्च होतो. त्यामुळे या धंद्यात मुख्य माल वाट पाहणे हाच आहे आणि चित्रपट त्याच्यासोबत मिळतो, असे धरून चालले तर पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात घोषणेने होते. २६ मार्च २०२५ रोजी मार्व्हल स्टुडिओने ‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ या चित्रपटातल्या कलाकारांची नावे जाहीर केली. एरवी हे काम एका पानात भागले असते. स्टुडिओने त्यासाठी खुर्च्या मांडल्या. शूटिंगच्या सेटवर असतात तशा, कापडी पाठीच्या. प्रत्येक पाठीवर एक नाव, आणि एका नावावरून पुढच्या नावाकडे सरकायला कॅमेरा सुमारे १२ मिनिटे घेणार. नावे २७. थेट प्रक्षेपण पाच तासांहून अधिक चालले आणि जगभरातल्या माणसांनी ते पाहिले. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल, खुर्च्या होत्या. पहिली ख्रिस हेम्सवर्थची निघाली. अगदी शेवटी रॉबर्ट डाउनी ज्युनिअर स्वतः समोर आला, तेव्हा इतक्या तासांत पहिल्यांदा एक नट दिसला. प्रक्षेपण संपल्यावर चर्चा रंगली ती मात्र ज्यांची खुर्ची दिसली नाही त्यांची. टॉम हॉलंड का नाही, ह्यू जॅकमन का नाही? दिसलेल्या २७ जणांविषयी बोलायला तेवढी फुरसत उरली नाही. पुढे दोन महिन्यांनी प्रदर्शनाची तारीख १ मे २०२६ वरून १८ डिसेंबर २०२६ वर गेली आणि खुर्च्या पाहिलेल्यांना वाट पाहायला आणखी साडेसात महिने मिळाले, तेही फुकट.

डाउनीची निवड त्याआधीच, जुलै २०२४ मध्ये, सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये उघड झाली होती. तिथल्या ‘हॉल एच’मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास माणसे मावतात, आणि आत शिरण्यासाठी आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथारी टाकण्याची रीत आहे. व्यासपीठावर हिरव्या झग्यातली मुखवटेधारी मंडळी उभी राहिली, त्यातल्या एकाने मुखवटा काढला आणि आत डाउनी निघाला. सभागृह दणाणले. २००८ पासून हाच गृहस्थ आयर्न मॅन होता, २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये तो मेला तेव्हा थिएटरांत हुंदके ऐकू आले होते, आणि आता तोच खलनायक डॉक्टर डूम म्हणून परत येणार होता. चाहत्यांनी जुने अश्रू परत मागितले नाहीत. या वर्गाचा दिलदारपणा अशा वेळी दिसतो.

मात्र तो नेहमीच दिसतो असे नाही. नट जाहीर झाला की रुसव्याचा टप्पा सुरू होतो, आणि या टप्प्याला प्रदीर्घ परंपरा आहे. १९८८ साली टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन’साठी मायकेल कीटनचे नाव पुढे आले. कीटन तोवर विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाई. वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रे आल्याचे सांगतात. त्या काळी रागवायलासुद्धा पाकीट आणि तिकीट लागे, हे लक्षात घेता हा आकडा गंभीर आहे. हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावर असेच झाले. त्याला त्या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळाले. २०१३ मध्ये बेन ॲफ्लेक बॅटमॅन होणार हे कळल्यावर काहींनी थेट व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर अर्ज टाकला. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याचा सरसेनापती नटाची निवड रद्द करील, असा त्यामागचा विश्वास होता. ओबामांनी त्यात लक्ष घातले नाही. कीटनच्या प्रकरणाचा शेवट तर अभ्यासकांनी मुद्दाम नोंदवावा असा आहे : २०२३ च्या ‘द फ्लॅश’ची जाहिरात करताना, कीटन बॅटमॅन म्हणून परत येतो आहे, हेच मोठे आकर्षण म्हणून मिरवले गेले.

रुसलेल्यांना मनवण्याचे साधन म्हणजे ट्रेलर. १९८९ च्या ‘बॅटमॅन’चा पहिला ट्रेलर घाईघाईने जोडून थिएटरांत पाठवला गेला, आणि काही प्रेक्षक तेवढ्यासाठी भलत्याच चित्रपटाचे पूर्ण तिकीट काढून, ट्रेलर संपताच उठून गेले. त्या भलत्या चित्रपटांच्या निर्मात्यांना गल्ला मिळाला, प्रेक्षक मिळाला नाही. असा सौदा एरवी त्यांना कुणी देऊ केला नसता. पोस्टरवर तर चित्रपटाचे नावही नव्हते. काळ्यावर सोनेरी वटवाघूळ आणि २३ जून ही तारीख, बस. ते वटवाघूळ त्या उन्हाळ्यात टी-शर्टांवर, टोप्यांवर, नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यांवर बसले. चित्रपट न पाहिलेली माणसेही ते छातीवर घेऊन हिंडत होती.

२००८ च्या ‘द डार्क नाइट’साठी जाहिरातदारांनी चाहत्यांना कामालाच लावले. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत कोडी सोडवणाऱ्यांना बेकऱ्यांचे पत्ते मिळाले. बेकरीत त्यांच्यासाठी केक ठेवलेला. केकवर क्रीमने एक फोन नंबर लिहिलेला. नंबर लावला की घंटी केकच्या पोटातून वाजायची. सुजाण माणसाने अशा वेळी केक ठेवून पोलिसांना कळवले असते. चाहत्यांनी आत हात घातला, फोन काढला, पुसला आणि पुढच्या सूचनांची वाट पाहू लागले. केक खाल्ला की नाही याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

आता ट्रेलर पाहण्यापेक्षा थांबवण्यासाठी असतो. एकेक चौकट गोठवून मागच्या भिंतीवरचा फलक, खांद्यावरची शिवण, चिलखतावरचा ओरखडा यांचे वाचन होते. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’चा टीझर २०२४ मध्ये २४ तासांत ३६ कोटी ५० लाख वेळा पाहिला गेल्याचे डिस्नेने सांगितले, त्यात एकाच माणसाने एकच सेकंद किती वेळा पाहिला ते सांगितले नाही. या चिकाटीचा सर्वोच्च विजय ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’च्या वेळी झाला. जुने दोन स्पायडर-मॅन, टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफील्ड, या चित्रपटात आहेत हे गुपित होते. गारफील्ड महिनोन्‌महिने मुलाखतींतून नाही म्हणत होता, आणि अतिशय प्रामाणिक चेहऱ्याने म्हणत होता. नोव्हेंबर २०२१ च्या ट्रेलरमधून दोघांना पुसून टाकलेले होते. पण ब्राझीलमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत एक क्षण जास्तीचा राहिला. त्यात सरड्याच्या रूपातल्या खलनायकाचे मुंडके, समोर कुणीही नसताना, सणसणीत ठोसा बसल्यासारखे मागे फेकले गेले. हवेने खलनायकाला मारल्याचे उदाहरण सुपरहिरोंच्या विश्वातही नाही. चाहत्यांनी ठोशाच्या दिशेवरून मारणारा ओळखला, आणि डिसेंबरात तो खराही निघाला.

स्टुडिओ एवढे जपून असताना गुपिते फोडण्याचे काम बहुतेकदा खेळणी करतात. प्लॅस्टिकचा साचा काढणे, रंग ठरवणे, कारखान्यात माल काढून जहाजाने दुकानापर्यंत पोचवणे याला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून खेळण्यांच्या कंपन्यांना चित्रे फार आधी द्यावी लागतात, आणि खेळणे चित्रपटाच्या आधी दुकानात हजर होते. २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये अँट-मॅन राक्षसाएवढा मोठा होतो हा प्रेक्षकांना बसायचा धक्का होता. तो धक्का लेगोच्या विमानतळाच्या संचातून, ठोकळ्यांच्या एका धिप्पाड आकृतीच्या रूपाने, आधीच बसून गेला. सांगून ठेवलेले गुपित आठ वर्षांच्या मुलाकडून फुटले तर समजण्यासारखे आहे. इथे ते आठ वर्षांच्या मुलाला विकले गेले.

दबाव उलट्या दिशेनेही चालतो. ‘आयर्न मॅन ३’चा दिग्दर्शक शेन ब्लॅक याने २०१६ मध्ये सांगितले की, मूळ पटकथेत खरी सूत्रधार एक बाई होती, तिचे खेळणे खपणार नाही अशी वरून शंका आली आणि सूत्रधार पुरुष झाला. म्हणजे दुष्टपणा कुणी करायचा हे कपाटाच्या फळीवरून ठरले. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’चे प्रकरण आणखी बोलके आहे. मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणाबरोबर त्याची खेळणी वाटली, मुले आईबापांना घेऊन चित्रपटाला गेली आणि पडद्यावर पेंग्विनच्या तोंडून काळा द्रव गळताना पाहून घरी आली. पालकांनी तक्रारी केल्या. पुढच्या चित्रपटाला बर्टनच्या जागी जोएल शूमाकर आला, आणि १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’पर्यंत पडदा इतका चकचकीत झाला की प्रत्येक गाडी आणि प्रत्येक पोशाख थेट खोक्यात घालावा असा दिसू लागला. मुलांना त्रास झाला नाही. मोठ्यांना झाला, शूमाकरने २० वर्षांनी त्यांची माफी मागितली.

इथवर खेळणे खेळण्यासाठी होते. संग्राहकाकडे आले की त्याची गत रुखवतासारखी होते : मांडायचे, हात लावायचा नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाने किंमत विचारायची. खोके फोडले की भाव उतरतो, म्हणून शूरवीर जन्मभर पारदर्शक प्लॅस्टिकआड उभा राहतो. या विचाराची शुद्ध अवस्था १९७७ च्या नाताळात पाहायला मिळाली. ‘स्टार वॉर्स’ अनपेक्षितपणे चालला, केनर कंपनीकडे बाहुल्या तयार नव्हत्या, तेव्हा तिने पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट विकायला काढले. आत प्रमाणपत्र होते. ते पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुल्या टपालाने येणार. सुपरहिरोंचा हा चित्रपट नव्हे, पण सुपरहिरोंच्या व्यापाऱ्यांनी गिरवलेला धडा हाच.

जपून ठेवले की मोल चढते, ही समजूत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकामुळे घट्ट झाली. सुपरमॅनला जन्म देणारा हा १९३८ चा अंक १० सेंटचा होता. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. यातून एक पिढी बरोबर उलटा निष्कर्ष काढून बसली. तो अंक मौल्यवान आहे, कारण मुलांनी तो वाचला, चुरगळला आणि आयांनी रद्दीत घातला. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला तो काळ्या पिशवीत, आत शोकाची काळी फीत. लोकांनी दोन-दोन प्रती घेतल्या, एक वाचायला, एक म्हातारपणासाठी. लाखो प्रती लाखो घरांत निष्कलंक अवस्थेत राहिल्या आणि म्हणून त्यांना भाव आला नाही. सुपरमॅन वर्षभरात जिवंत होऊन परतला. पैसे परतले नाहीत.

आजच्या बाजारात दोन टोके आहेत. एका टोकाला हाँगकाँगची हॉट टॉइज. माणसाच्या एक षष्ठांश आकाराची, म्हणजे हातभराहून लहान मूर्ती, पण कातडीवरचे छिद्र आणि कपाळावरची आठी जागच्या जागी. किंमत शेकडो डॉलर, आणि नोंदणी करून वर्षभर, कधी त्याहून जास्त थांबायचे. मूर्ती घरी येते तेव्हा तिचा चित्रपट टीव्हीवर लागून गेलेला असतो. दुसऱ्या टोकाला फंको पॉप : मोठे डोके, काळे मणी डोळ्यांच्या जागी, आणि रागावलेला हल्क व रडवेला स्पायडर-मॅन यांच्या मुद्रेत फरक शोधावा लागतो. २०२३ मध्ये फंको कंपनीने जाहीर केले की, तीन कोटी ते तीन कोटी ६० लाख डॉलरचा माल ती नष्ट करणार आहे, कारण तो सांभाळायला त्याच्या मोलापेक्षा जास्त खर्च येतो. घराघरांतल्या संग्राहकांच्या बायकांनी आणि नवऱ्यांनी हा हिशेब केव्हाच मांडला होता.

प्रदर्शनाच्या आठवड्यात उरते ती पॉपकॉर्नची बादली. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ची बादली वुल्व्हरिनच्या आ वासलेल्या तोंडाची होती. २०२५ च्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’साठी ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसचे शिंगे असलेले डोके निघाले, मागच्या सीटवरच्या माणसाला गॅलॅक्टस दिसला, चित्रपट किती दिसला ते सांगणे कठीण. भारतात अजून बादलीवर भिस्त नाही. इथे उत्साह वेळापत्रकावर निघतो. एप्रिल २०१९ मध्ये ‘एंडगेम’साठी काही चित्रपटगृहांनी दिवसरात्र खेळ लावले आणि त्याआधी ए. आर. रहमानने मार्व्हलसाठी गाणे केले. जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून झालेले मुंबॅटन नावाचे शहर आहे आणि तिथल्या ट्रॅफिकची थट्टा आहे. एवढ्या वर्षांनी स्पायडर-मॅन मराठीतून बोलला आणि बोलला तो रस्त्यांवरच्या कोंडीविषयी, यात मुंबईकराला वावगे वाटले नाही.

चित्रपट संपला तरी कुणी उठत नाही. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये श्रेयनामावलीनंतर निक फ्युरी येऊन पुढच्या योजनेविषयी दोन वाक्ये बोलला, तेव्हापासून हजारो तंत्रज्ञांची नावे चाहते श्रद्धेने वाचू लागले आहेत, त्यानंतर पुढच्या चित्रपटाचा तुकडा मिळतो आणि रांग पुन्हा लागते. अपेक्षाभंगाची सोय याच वेळी करावी लागते. २०१७ चा ‘जस्टिस लीग’ पाहून, ज्यात हेन्री कॅव्हिलची मिशी संगणकाने भादरल्यामुळे सुपरमॅनचा वरचा ओठ कुणा दुसऱ्याचा वाटत होता, चाहत्यांनी हा खरा चित्रपटच नव्हे असे ठरवले. खरा मागण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे मोहीम चालवली, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर पदरमोड करून फलक लावले, आणि मार्च २०२१ मध्ये मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडरची चार तासांची आवृत्ती त्यांच्या पदरात पडली.

‘बॅटगर्ल’च्या वाट्याला तेवढेही आले नाही. ग्लासगोत चित्रीकरण झालेला, नऊ कोटी डॉलरच्या आसपास खर्चाचा हा चित्रपट ऑगस्ट २०२२ मध्ये स्टुडिओने प्रदर्शित न करता कायमचा बाजूला ठेवला आणि तोटा करांच्या हिशेबात दाखवला. मायकेल कीटन त्यातही बॅटमॅन होता. या खेपेला त्याच्या निवडीविरुद्ध पत्र पाठवायची वेळ कुणावर आली नाही, आणि चित्रपट पाहून निराश झालेला एकही चाहता या प्रकरणात सापडत नाही.