शांततावादी राष्ट्राध्यक्ष निवडणे आहे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मत द्यायचा हक्क गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडच्या माणसाला नाही. युद्ध पेटले की डिझेल आणि खत मात्र सौंदडच्या धानाच्या बांधीतही महागते. म्हणून कोणता उमेदवार किती युद्धखोर, हे पानठेल्यावर ठरवायचा हक्क आम्ही परस्पर घेतला आहे.

काम सोपे नाही. ‘याने आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ या घोषणेवर विल्सन १९१६ मध्ये निवडून आले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात. जॉन्सन यांनी १९६४ च्या प्रचारात सांगितले, अमेरिकेची पोरे आशियात लढायला पाठवणार नाही. १९६५ मध्ये पोरे व्हिएतनाममध्ये. धाकट्या बुश यांना २००० साली परराष्ट्र धोरणात नम्रता हवी होती. ती २००३ मध्ये इराकने पाहिली. ओबामांना २००९ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, आणि त्याच डिसेंबरात अफगाणिस्तानला आणखी तीस हजार सैनिक.

थोडक्यात, प्रचारातला कबुतरवाला शपथविधीनंतर शिकारी निघतो. (शिकाऱ्याचे कबुतर झालेले अजून ऐकिवात नाही.)

पण अमेरिकन मतदाराला फार हसू नये. डॉ. आंबेडकरांनी १९५१ च्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणाचा रोख हिशेब मांडला होता: वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला मित्रच उरले नाहीत. १९५४ मध्ये ते आपल्याच भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते.

आपण त्यांना पाडले.