पाव सिंह

नाना छत्तीस वर्षं सहकारी बँकेत होते. निवृत्तीनंतर बँक त्यांच्यातून गेली नाही. आफ्रिकेला निघताना आम्ही दुर्बीण घेतली, त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही घेतली. पहिल्या पानावर रकाने आखून तयार: प्राणी, नग, शेरा. उद्यानाची तिकिटं परदेशी माणसाला डॉलरमध्ये, तेव्हा प्रत्येक डॉलरमागे किती प्राणी पदरात पडले हे कळायला नको का?

माझा धाकटा भाऊ नैरोबीत नोकरीला आहे. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हे त्याने फोनवर तीनदा बजावलं होतं. आईला हा घाव जिव्हारी लागला. आमच्या घरी पिशव्यांची एक पिशवी आहे, आणि त्या पिशवीला आत आणखी एक पिशवी आहे. शेवटी दशम्या डब्यात गेल्या आणि चपला नानांच्या जुन्या लुंगीत.

पहाटे सहाला गाडी आली. छप्पर वर उचललं जाणारी. खड्डा लागताच नाना म्हणाले, "दादा, जरा हळू घ्या."

ड्रायव्हर इतका हसला की गाडी खरोखरच हळू झाली. भावाने खुलासा केला: स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. भावाला म्हणतात 'काका'. तेवढ्यात ड्रायव्हर मागे वळून आईला अदबीने "मामा" म्हणाला. मामा म्हणजे आई. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे इथे लग्नात भटजींनी मुलीच्या मामाला बोलवा म्हटलं, की आईनेच उठायचं?"

नानांना मात्र या भाषेत एक शब्द असा सापडला की ते दिवसभर खूश होते. त्यांची वही पाहून ड्रायव्हर म्हणाला, "हेसाबू?" हिशेब! गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', दुकानाला 'डुका'. "माणसं आपलीच आहेत," नाना म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटरचं, आणि शहराला अगदी खेटून. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू जनावरांना ये-जा करायला मोकळी. मधून रेल्वेचा उंच पूल जातो आणि त्याच्या खांबांमधून झेब्रे असे निघतात, जसे दादरच्या पुलाखालून आपण. बोरिवलीच्या माणसाला शहरातल्या जंगलाचं काय कौतुक, असं मी म्हणणार होतो. पण समोर जिराफ उभा होता, त्याच्या मानेमागे काचेच्या इमारती, आणि चिऊ विचारत होती, "बाबा, यातलं जास्त उंच कोण?" मी गप्प बसलो.

झेब्रे ४१, रानम्हशी १७, शहामृग ३. गेंडा एक; शेरा: 'पाठमोरा'. या उद्यानात रानहत्ती नाहीत हे कळल्यावर नानांनी तो रकाना हळहळत आडवा खोडला.

मग सिंह. म्हणजे आधी चार गाड्या, ओळीने उभ्या, आणि सगळे गवताकडे बघतायत. आम्हीही बघायला लागलो. वीस मिनिटांनी गवतातून एक कान हलला. आणखी दहा मिनिटांनी शेपटीचा काळा गोंडा वर आला, एक माशी हाकलली आणि खाली गेला. बस. सिंह दिवसातले अठरा-वीस तास लोळून काढतो, असं ड्रायव्हरने सांगितलं. यावर हिने माझ्याकडे का पाहिलं ते विचारायची मला गरज वाटली नाही.

"लिहा ना, सिंह एक," मी म्हणालो.

"कान एक, गोंडा एक," नाना म्हणाले. "पाव."

दशम्या सोडल्या त्या हस्तिदंत जाळलेल्या जागेपाशी. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी इथे १२ टन हस्तिदंत पेटवून दिले, आणि २०१६ मध्ये याच उद्यानात १०५ टन जाळले. राखेचे ढिगारे अजून आहेत. नानांनी मनातल्या मनात भाव लावायला सुरुवात केली असावी, कारण त्यांचा घास हातातच राहिला. "एवढी जिंदगी जाळली? लिलाव नाही केला?"

"म्झे," ड्रायव्हर म्हणाला. हा वडीलधाऱ्यांसाठीचा शब्द. "विकलं असतं, तर उद्या आणखी हत्ती मेले असते."

नानांनी वही उघडली, थोडा वेळ धरली आणि मिटली. तेवढ्यात एका काळ्या तोंडाच्या माकडाने डब्यातली अख्खी दशमी उचलली. लसणीची चटणी तेवढी काळजीपूर्वक बाजूला झटकली.

अकराला शेल्ड्रिक ट्रस्टच्या हत्तींच्या अनाथालयात. लोकांना तासभरच प्रवेश असतो. आई गमावलेली पिल्लं रांगेने धावत येतात आणि हिरव्या डगल्यातल्या माणसांकडून बाटलीने दूध पितात, सगळ्यात लहानग्याच्या पाठीवर घोंगडी. डॅफ्नी शेल्ड्रिक यांना यांच्या दुधाचं गणित जमवायला वर्षं लागली. गाईच्या दुधातला स्निग्धांश पिल्लांना सोसेना, शेवटी नारळाचं तेल चाललं. "मला विचारायचं होतं," रत्नागिरीची आई म्हणाली. रात्री एकेका पिल्लाजवळ एक माणूस झोपतो, पण रोज वेगळा. पूर्वी एका पिल्लाला डॅफ्नीबाईंचा फार लळा लागला होता. लेकीच्या लग्नाला त्या काही दिवस गेल्या, तर ते झुरून मेलं. हे ऐकल्यावर आईने भावाकडे पाहिलं. त्याला नैरोबीत चार वर्षं झालीत. तो बुटाच्या नाड्या बांधायला लागला.

शेवटी जिराफ केंद्र. हे १९७९ पासूनचं. इथल्या जिराफांचे पाय गुडघ्याखाली पांढरे, शाळेचे मोजे घातल्यासारखे. आपण माचीवर उभं राहायचं आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून पेंडेच्या गोळ्या द्यायच्या. चिऊने एक दिली. नानांनी वही काखेत धरून हात पुढे केला. दीड फूट लांब, निळसर काळी जीभ आली, गोळी घेतली, तळवा चाटला, कोपरापर्यंत गेली, आणि काखेतल्या उघड्या पानावरून पोचारा मारावा तशी फिरली. झेब्रे, रानम्हशी, पाठमोरा गेंडा, सगळं एका निळ्या डागात गेलं.

नाना कुणाशी बोलले नाहीत. रात्री भावाच्या डायनिंग टेबलवर बसून त्यांनी आठवून आठवून नवीन पान लिहिलं. मी मागून डोकावलो. झेब्रे ४१, बरोबर. रानम्हशी १७. सिंह: १.

"नाना, पाव होता ना?"

"ती रोजकीर्द होती," नाना चष्मा पुसत म्हणाले. "ही खतावणी आहे."