रंगवेड्यांचं कौतुक

गाडीच्या रंगापायी वेडी झालेली माणसं मला मनापासून आवडतात. शेजारी हसतात, घरचे वैतागतात. पण शहाण्यांनी या वेड्यांकडून शिकावं असं पुष्कळ आहे.

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर देतात. मग गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या जोरावर गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. ऊन, पाऊस, कबुतरं, सगळं झेलायचं ते एवढ्याशा थरानं. त्याला जपणाऱ्याला वेडा आणि न जपणाऱ्याला शहाणा का म्हणायचं?

आता सोसायटीतली सकाळ पाहा. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. धुळीतले वाळूचे कण फडक्याखाली घासले जातात आणि लॅकरवर बारीक ओरखडे उठतात. रात्री दिव्याखाली बॉनेटवर त्यांचं जाळं दिसतं. म्हणून रंगवेडा गाडी पुसणाऱ्याला महिन्याचे पैसे वेळेवर देतो आणि वर विनवतो, "दादा, माझ्या गाडीला तेवढा हात लावू नका." गाडी न पुसण्याचे पैसे देणारा हा एकटाच, आणि खरा फायदा त्याचाच.

स्वतः धुताना तो दोन बादल्या घेतो, एक साबणाची, दुसरी हातमोजा खळबळायला. गाडी सावलीत, सुरुवात टपापासून. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लागत नाही. पक्ष्यानं घाण केली तर तो खरवडत नाही. ओलं फडकं ठेवून ती भिजेपर्यंत थांबतो. दसऱ्याला आईचा कुंकवाचा हात बॉनेटकडे गेला की तो अदबीनं म्हणतो, "आई, स्वस्तिक काचेवर काढ ना." पूजाही होते, रंगही राहतो.

पुढे तो पीपीएफ लावून घेतो. ही पारदर्शक फिल्म बहुधा १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे जपायच्या रंगाहून जाड. लोकांना हसू येतं. पण हायवेवर पुढच्या ट्रकखालून उडालेली खडी ती अंगावर घेते, आणि खराब झाली तर काढून बदलता येते. कारखान्यातला रंग पुन्हा तसाच मिळत नाही.

या वेडाची खरी परीक्षा पॉलिशच्या वेळी होते. रबिंगनं ओरखडा भरत नाही. आजूबाजूचं लॅकर त्याच्या खोलीपर्यंत घासून काढावं लागतं. दर वेळी थर थोडा पातळ होतो, आणि तो संपला की भट्टीतल्या रंगकामाशिवाय इलाज नाही. पक्का रंगवेडा म्हणूनच एखादा ओरखडा दिसूनही तसाच राहू देतो. वस्तूवर एवढा जीव असूनही तिच्यावरून हात मागे घेता येणं, याहून मोठा शहाणपणा मला माहीत नाही.